व्हर्नाबाईंचा काळा डबा

व्हर्ना हॉगस्टॅड माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक यादी होती आणि कमरेला मोजमापाची टेप. मी यादी पाहिली आणि मनातल्या मनात हसलो. टेपकडे बघायला हवं होतं.

डुलुथमध्ये, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, माझं संगणकाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं, काय हवंय ते सांगतं, आणि त्याला ते का नकोय हे मी त्याला सांगतो. गॉर्डी माकी नाकाने कांदे सोलतो अशी गावात माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. तर साठीला टेकलेली, लोकरीच्या टोपीतली बाई बघून मी गृहीतच धरलं की नातवाच्या वाढदिवसाची खरेदी असणार. तसं बोललोही.

"नातू नाही मला," त्या म्हणाल्या. "दिवसा स्वयंपाकघरं काढते, संध्याकाळी गोळ्या घालते. दोन्हीला पुरेल असं यंत्र हवंय."

गोळ्या म्हणजे खेळातल्या. टेक्सासपासून अलास्कापर्यंत विखुरलेल्या पाच पोरांबरोबर त्या खेळायच्या. पोरं त्यांना आजी म्हणायची आणि अंगाशी आलं की आजीच्या मागे लपायची. हे मला पुढे कळलं.

स्वयंपाकघरांचं मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं. बावीस वर्षं त्या बंदराजवळच्या लाकडाच्या वखारीत स्वयंपाकघरांचे आराखडे काढत होत्या. मग वखारीच्या मालकांनी ठरवलं की आराखडे यापुढे मुख्य कचेरीतून येतील, हजार मैलांवरून, आणि व्हर्नाबाईंनी काउंटरवर उभं राहून गिऱ्हाईक सांगेल ती मापं फक्त टिपायची. उंटावरून शेळ्या हाकायचाच प्रकार. बाई उठल्या, आपला कॉफीचा मग उचलला आणि घरी गेल्या. वखारीचा व्यवस्थापक डॅरिन त्यांच्यामागे दारापर्यंत आला. मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो म्हणाला. घरच्या संगणकाच्या खेळण्यावर असली कामं होत नसतात, हे तोवर तुम्हाला कळेलच.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, टेकडीवरच्या लुथरन चर्चचं तळघरातलं स्वयंपाकघर कुणी करायचं ते ठरणार होतं. दोघंच रिंगणात होते, वखार आणि व्हर्नाबाई. काम मिळालं तर बाई स्वतःच्या पायावर उभ्या राहणार, नाही मिळालं तर डॅरिनची खुर्ची. तिसरी वाट नव्हती.

मला यातलं काही त्यांनी रडगाणं म्हणून सांगितलं नाही. यादी दाखवली आणि भाग काढायला सांगितले. मी लगेच शहाणपणा सुरू केला. खेळणारे लोक घेतात तो प्रोसेसर सुचवला. त्यांनी मान हलवली. स्वयंपाकघराचं खरंखुरं दिसणारं चित्र काढायला यंत्राचे सगळे हात एकदम कामाला लागतात, म्हणून जास्त कोअरवाला हवा. खेळात सेकंदाला चार चित्रं कमी उमटली तर त्यांचं काही बिघडत नव्हतं, नेम त्यांचा होता, प्रोसेसरचा नव्हता. रॅम चौसष्ट जीबी. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात वेगवान नको, ज्याची स्वतःची मेमरी मोठी ते हवं. हेही बरोबरच होतं, आणि मला राग आला तो त्याचाच.

मग मी माझा लाडका माल पुढे केला. काचेची केस, आत रंगीत दिवे, प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याच्या नळ्या.

"मला मासे पाळायचे नाहीत, गॉर्डी," त्या म्हणाल्या. "आणि बावीस वर्षं नळ बघतेय मी. पाण्याची नळी कधी ना कधी गळतेच. मोठा पंखा दे आणि साधा काळा पत्र्याचा डबा दे."

मी चिडून काळी केस काउंटरवर आपटली आणि कार्ड शेजारी ठेवलं. बसेल ना, असं त्यांनी विचारलं. बसेल म्हणजे, एकोणीस वर्षं काय करतोय मी. तेव्हा त्यांनी कमरेची टेप काढली. कार्ड सव्वातेरा इंच, आतली जागा तेरा. त्यांनी टेप मिटली आणि मागच्या फळीवरची जरा मोठी केस बोटाने दाखवली. माझे दात माझ्याच घशात गेले.

सगळ्या भागांत एकच माझ्या मर्जीचा घेतला गेला, पॉवर सप्लाय. तेवढ्यावर मी अडून बसलो, आणि बाईंनी तेवढं मला दिलं. यंत्र मीच जोडलं. मागच्या पत्र्याआड वायरी अशा बांधल्या, जशी वेणी घालावी. या धंद्यात आम्हाला तोच एक गर्व असतो. जी बाजू कुणाला दिसत नाही तिथली वायर आम्ही सगळ्यात जपून बांधतो.

तीन आठवड्यांनी बाई डबा घेऊन परत आल्या. यंत्रावर ताण आला की माझा तो पॉवर सप्लाय डासासारखा गुणगुणायचा. मी दुसऱ्या कंपनीचा, चांगला, पदरचा घातला. नव्या सप्लायबरोबर त्याच्याच वायरी घालायच्या, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. जुन्या वायरीचं टोक नव्यात बसतं, पण आतली वीज वेगळ्याच खाचेतून येते. जाड वायरी मी बदलल्या. डिस्ककडे जाणारी बारीक वायर मात्र त्या वेणीत होती. ती सोडवायला माझा जीव होईना. तशीच नव्या सप्लायला लावली. बसली.

बटण दाबलं. टक् असा आवाज झाला आणि जळका वास आला. चर्चचा आराखडा त्या डिस्कवर होता. त्याची नक्कल शेजारच्या डिस्कवर होती. दोन्ही त्याच एका वायरीवर होत्या. रविवारला दहा दिवस उरले होते.

डिस्कच वाईट निघाल्या असं म्हणता आलं असतं. बाईंना काय कळणार होतं? शब्द ओठांवर आलेही होते, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "जुनी वायर ठेवली."

"का ठेवलीस?"

"छान बांधली होती."

त्यांचं तोंड लाल झालं होतं. मला वाटलं आता वाजवतात एक.

"नव्या डिस्क घाल," त्या म्हणाल्या. "आराखडा गेलाय. स्वयंपाकघर अजून चर्चमध्येच आहे."

मी म्हटलं, चर्चवाल्यांकडे आठवडाभर मुदत मागू, मी स्वतः येऊन सांगतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला खाली वाकलो. मुदत मागायची आणि ती डॅरिनच्या कानावर जायची, त्यापेक्षा हाताने कागदावर काढीन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर मापं घ्यायला गेलो. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंच होतं, आणि तेवढं तर मी देणं लागत होतो. पण तळघरात मयताचं जेवण चाललेलं. कॉफीची पिंपं, भाजलेल्या शेवयांची भगुणी, बायकांची धावपळ. मापं घेणं शक्यच नव्हतं. व्हर्नाबाईंनी कोट काढला, एप्रन बांधलं आणि सिंकपाशी आर्डिस लिंडग्रेनच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आर्डिसबाई एक्याऐंशी वर्षांच्या, स्वयंपाकघर समितीच्या प्रमुख. दोघी दोन तास भांडी घासत होत्या, समोर हिरवट रंगाची भिंत. गर्दी पांगल्यावर आम्ही मोजायला लागलो. मोजता मोजता व्हर्नाबाईंनी त्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि कोट न घालताच बाहेर गेल्या. पाऊण तासाने आल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत बर्फ लागलं होतं. मला वाटलं, सांडपाण्याचा नळ शोधत असतील.

पुढचे आठ दिवस त्या घरातून हलल्या नाहीत. खेळातल्या पोरांनी आजी मेली की काय म्हणून चौकशी केली.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे तळघरात जमले. लेफ्से म्हणतात त्या बटाट्याच्या पोळ्या आणि कॉफी फिरली. डॅरिनने कचेरीतून आलेली मोठी गुळगुळीत चित्रं फळ्यावर लावली. चकचकीत ओटे, मधोमध फुलदाणी. बायकांनी बघितलं आणि एक जण म्हणाली, वेगळंच आहे हो. आमच्याकडे याचा अर्थ आवडलं नाही असा होतो, पण डॅरिन बाहेरगावचा, तो खूश झाला.

व्हर्नाबाईंनी डबा गोठलेल्या पाण्यावर मासेमारीला नेतात त्या घसरगाडीवर बांधून बर्फातून ओढत आणला होता. मला हात लावू दिला नाही. तो मोठ्या टीव्हीला जोडला आणि खेळाचा कंट्रोलर आर्डिसबाईंच्या हातात दिला. चित्र नव्हतंच. पडद्यावर ते आख्खं स्वयंपाकघर होतं आणि आर्डिसबाईंनी त्यात चालायचं होतं, त्यांच्याच उंचीवरून बघत. म्हातारी दोनदा टेबलावर धडकली. बायका हसल्या. मग तिला हात बसला. फ्रिज उघडून बघितला, ओव्हनला वळसा घातला, वाढायच्या खिडकीतून बाहेर डोकावली. यंत्र एकदाही अडखळलं नाही. शेवटी सवयीने म्हातारी सिंकपाशी गेली आणि तिथेच थांबली.

सिंकच्या वर खिडकी होती. खिडकीत सरोवर होतं, काठाला बर्फ धरलेलं, पलीकडे काळं पाणी.



"हे खरं आहे का गं?" आर्डिसबाईंनी विचारलं.

"भिंतीपलीकडे हेच आहे," व्हर्नाबाई म्हणाल्या. "बाहेरून मोजलंय मी. टेकडी उतरतीय, त्यामुळे त्या बाजूला ही भिंत जमिनीच्या वरच आहे."

डॅरिन हसून म्हणाला की तळघराला कुणी खिडकी पाडत नाही, कचेरीच्या नकाशात ती भिंत मातीत दाखवलीय, आणि खर्चाचा विचार केलाय का कुणी. आर्डिसबाईंनी त्याच्याकडे मान वळवली नाही.

"सेहेचाळीस वर्षं मी त्या भिंतीकडे तोंड करून भांडी घासतेय," त्या म्हणाल्या. "नवरा गेला त्या दिवशीही घासली. सरोवर इथे होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. खर्च आम्ही तळलेल्या माशांची जेवणं विकून काढू. भोक कुठे पाडायचं ते आज कळलं."

आता कुणी म्हणेल, डिस्क जळल्या म्हणून खिडकी सापडली. मीसुद्धा तिथे कॉफी घेता घेता तसं हळूच पुटपुटलो. व्हर्नाबाई म्हणाल्या, "खिडकी मी शोधली, गॉर्डी. तू फक्त डिस्क जाळल्यास." मी आणखी एक पोळी घेतली.

हात वर करून मतं घेतली. समितीत अकरा बायका होत्या, अकरा हात वर गेले. आर्डिसबाईंनी एकच हात वर केला, दुसऱ्या हातातला कंट्रोलर काही खाली ठेवेनात; पडद्यावर त्या अजून सिंकपाशीच उभ्या होत्या.

व्हर्नाबाई खाली बसून वायरी गुंडाळत होत्या. डॅरिन चित्रं काखेत मारून त्यांच्यापाशी आला. आवाज उतरला होता, पण ताठा नव्हता उतरला. एका कामाने धंदा चालत नसतो, खुर्ची अजून आहे म्हणाला. मग सरळच विचारलं.

"येताय ना उद्या?"

व्हर्नाबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही.

"उद्या मला काम आहे," त्या म्हणाल्या.