जेवणाच्या टेबलावरची बस

१८ मे २०२५, रविवार. त्या दिवशी आल्हादने फ्रीगंजच्या बाजारातून दोनशे त्र्याऐंशी रुपयांची तार, पुट्टी आणि सुती चिंध्या आणल्या आणि आमचं जेवणाचं टेबल आमच्या हातातून गेलं.

आल्हाद माझा पुतण्या. माझा धाकटा भाऊ रेल्वेत आहे, सध्या बुऱ्हाणपूरला. मुलगा शिकायला उज्जैनला आला म्हणून आमच्याकडे राहिला, आणि शिक्षण संपून तीन वर्षं झाली तरी राहिला. आमची मुलगी लग्न होऊन गेल्यावर तिची खोली त्याला मिळाली. वय चोवीस. फ्रीगंजमध्ये माणिकभाईंचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, तिथे तो संगणकावर पत्रिका तयार करतो. लग्नसराईत दिवसाला पंधरा-वीस गणपती काढतो. गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून सांगतं, "भैया, गणेशजी को थोड़ा खुश दिखाओ. हम लड़के वाले हैं." आल्हाद गणपतीला खुश करतो. संध्याकाळी सातला घरी येतो, शर्ट बदलतो आणि मग त्याचा खरा दिवस सुरू होतो.

त्याच्या छंदांबद्दल सांगायचं तर प्रत्येकाची काही ना काही शिल्लक आमच्या घरात पडलेली आहे. बासरी शिकत होता, ती वरच्या मजल्यावरच्या लोकांनी हात जोडून बंद करवली. मग सुलेखन आलं. त्याची शाई माझ्या दोन सदऱ्यांवर अजून आहे. मग पिंपळाचं बोन्साय. ते बाल्कनीत आहे आणि चांगलं पाच फूट उंच झालं आहे. मुलगा आळशी मुळीच नाही. पण एखादी गोष्ट येऊ लागली की त्याचं मन तिच्यावरून उठतं. शेवटपर्यंत गेलेलं एकही काम आम्ही पाहिलं नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

म्हणूनच टेबलाचा ताबा घेताना त्याने स्वतःहून जाहीर केलं, "काका, या वेळेस पूर्ण करणार. नाही झालं ना, तर कॅमेरा माणिकभाईंना विकून टाकतो. त्यांनी विचारूनच ठेवलंय."

कॅमेरा जुना होता, पण त्याने दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला. तो विकण्याची भाषा त्याने कधी केली नव्हती, त्यामुळे मीही पेपर खाली ठेवला.

काम असं होतं. बाहुल्यांचा सिनेमा करायचा, चार मिनिटांचा. वीतभर उंचीच्या बाहुल्या. आत तार, डोकी पुट्टीची. बाहुलीचा हात थोडासा हलवायचा, फोटो काढायचा. परत थोडासा हलवायचा, परत फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. एका संध्याकाळी तीन सेकंद झाले तर आल्हाद शीळ घालत जेवायला यायचा. १० सप्टेंबरपर्यंत सिनेमा इंदूरच्या एका लघुपट महोत्सवाला पाठवायचा होता. निवड झाली तर खऱ्या सभागृहात, खऱ्या पडद्यावर दाखवणार होते.

गोष्ट उज्जैनच्या देवास गेट स्टँडवरच्या बसची. बस उभी आहे, सात बायका आत बसल्या आहेत, आणि कंडक्टर शेवटची सीट भरल्याशिवाय बस सोडत नाही. तो "इंदौर, इंदौर" ओरडतोय, बायका कंटाळल्या आहेत. शेवटी एक बकरी येते, सीटवर बसते आणि बस निघते.

कंडक्टरला चष्मा होता आणि कानावर पेन.

"हा कोणासारखा आहे रे?" मी विचारलं.

"कोणासारखाच नाही, काका." मग जरा वेळाने, "थोडासा तुमच्यासारखा आहे. पण फक्त बघण्यात."

जून-जुलैतले आमचे रविवार या बसमागे गेले. लोक बसमध्ये कसे बसतात याचा अभ्यास करायचा म्हणून त्याने मला एकदा देवासच्या बसमध्ये बसवलं. देवास आलं, सगळे उतरले, आम्ही बसून राहिलो. कंडक्टर म्हणाला, "भाईसाब, उतरना नहीं है?" आल्हाद म्हणाला, "नहीं, वापस चलेंगे." कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी नोकरी संपायला वर्ष राहिलेला, पांढऱ्या केसांचा माणूस. मी खिडकीबाहेर पाहिलं. घरी आल्यावर अलकाने, म्हणजे माझ्या बायकोने, पहिला प्रश्न विचारला, "देवासला जाऊन टेकडीवर देवीला नाही गेलात?" आल्हाद म्हणाला, "उतरलोच नाही, काकू." त्यावर तिने आम्हा दोघांना एक एक गार पोळी वाढली.

दुसऱ्या एका रविवारी भैरवगढला गेलो. तिथे कापडावर मेण लावून रंगवण्याचं काम चालतं. कारागिरांकडून त्याने हातरुमालाएवढे तुकडे मागून आणले आणि त्यांच्या साड्या केल्या. साड्या नेसवताना मात्र अडला. दोन संध्याकाळी अलकाने चष्मा लावून त्या सात बायकांना साड्या नेसवून दिल्या. तेव्हापासून ती त्यांना ओळखू लागली. पोपटी साडीवाली नागद्याची, ती माहेराहून येतेय. मागच्या दोघी जावा-जावा आहेत, त्यांचं पटत नाही. खिडकीशी पेंगणारी म्हातारी सगळ्यांची आजी.

"तुला कोणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? तोंडावरून दिसतंय."

टेबलावर बस चिकटपट्टीने पक्की केलेली होती. आम्ही खाली बसून जेवत होतो. फोटो चालू असताना पंखा बंद, कारण पदर उडतात. आलेल्या पाहुण्यांना टेबलापासून हातभर लांब बसायला सांगायचं. घरातला एकच कडक नियम: बसला हात लावायचा नाही. रोज काम संपलं की आल्हाद बसवर अन्न झाकायची मोठी घुमटासारखी जाळी घालायचा.

१ सप्टेंबरला महालक्ष्म्यांचं पूजन होतं. दर वर्षी त्या टेबलाच्याच जागी बसतात. या वेळेस अलकाने त्यांना समोरच्या भिंतीशी बसवलं आणि त्याबद्दल त्यांची माफीही मागितली. सिनेमाची साडेतीन मिनिटं झाली होती. शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं आणि हातात नऊ दिवस होते. आल्हाद कामावर गेला होता.

संध्याकाळी हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका आल्या. बस बघायची सगळ्यांनाच उत्सुकता. अलकाने नुसतं दाखवायला जाळी उचलली.

"अरे वा, भाभी! कितनी सुंदर बैठी हैं," शेजारच्या तिवारीबाई म्हणाल्या. "पर इनको टीका नहीं लगाया?"

एवढं पुरलं. अलकाच्या हातात करंडा होताच. तिने काडीच्या टोकाने सातही जणींना हळद लावली, कुंकू लावलं. म्हातारीलाही लावलं; नवरा आहे की नाही हे अलका हळदीकुंकवाला कधीच कोणाला विचारत नाही, सगळ्यांना लावते. प्रत्येकीच्या ओटीत तांदळाचा एक दाणा घातला. आणि आजीची मान अवघडेल म्हणून तिला सरळ बसवलं.

आल्हाद आला. हात धुऊन, प्रसाद घेऊन त्याने कौतुकाने जाळी उचलली.

"काकू." आवाज अगदी हळू होता. "यांना काय झालं?"

"काय झालं? सणाच्या दिवशी कोऱ्या कपाळाने बसल्या होत्या बिचाऱ्या."

"तू हात लावलास?"

"हात न लावता हळदीकुंकू कसं लावतात?"

तो खालीच बसला. मग त्याने आम्हाला समजावलं. साडेतीन मिनिटं या बायका कोऱ्या कपाळाच्या आहेत. आता पुढचा फोटो काढला तर पडद्यावर सातही जणींच्या कपाळी एकदम कुंकू उगवणार आणि झोपलेली म्हातारी दचकून उठल्यासारखी होणार. म्हातारीची मान परत वळवता येईल. कपाळांचं काय? त्याने ओल्या कापसाने एकीचं पुसून पाहिलं. पुट्टीने रंग पिऊन टाकला होता. नागद्याची बाई कुठूनतरी मारामारी करून आल्यासारखी दिसू लागली.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फोन काढला आणि बाल्कनीत पिंपळाजवळ उभं राहून म्हणाला, "माणिकभाई, कल सुबह कैमरा देख लो. हाँ, पक्का."

अलकाने ते ऐकलं. तिच्या वाट्याच्या सोळा भाज्या आणि पुरणपोळ्या तशाच झाकलेल्या राहिल्या. तिने आम्हा दोघांना वाढलं आणि स्वतः महालक्ष्म्यांसमोर जाऊन बसली. मी म्हटलं, "चल, दोन घास खाऊन घे." ती म्हणाली, "तुम्ही जेवा. मला विचार करू द्या."

सकाळी चहाचा कप आल्हादसमोर ठेवून तिने विचारलं, "तुझी बस किती वेळ थांबलीय?"

"जाऊ दे ना, काकू."

"विचारते ते सांग."

"सिनेमात चार मिनिटं. खरं म्हणशील तर पाऊण तास."

"पाऊण तास सात बायका एका बसमध्ये बसल्यात आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत? आणि तेही महालक्ष्म्यांच्या दिवशी?"

"महालक्ष्म्यांचा दिवस आहे असं कोणी सांगितलं?"

"मी सांगतेय. ती नागद्याची घरी पोचेपर्यंत दिवेलागण होणार, बायका येऊन परत जाणार. ती काय करेल? बसमध्येच करंडा काढेल. मी तरी तेच केलं असतं."

आल्हादने कप खाली ठेवला.

"पण लावताना दाखवायला कोरं कपाळ लागेल. ते कुठून आणू?"

"मागून दाखव की. मी कोणाला कुंकू लावते तेव्हा तुला माझी पाठच दिसते ना?"

तेवढ्यात माणिकभाई कॅमेरा बघायला आले. दार उघडंच होतं. आत अलका पाठमोरी उभी राहून माझ्या कपाळाला रिकामं बोट लावत होती आणि आल्हाद म्हणत होता, "परत. कोपर जरा वर." माणिकभाई दारातच थांबले.

"कैमरा?" त्यांनी विचारलं.

"रुकिए भाई, अभी नहीं," आल्हाद म्हणाला. "वो लैंप ज़रा पकड़ेंगे?"

त्यांनी दिवा धरला. अर्ध्या तासाने हात भरून आला तेव्हा म्हणाले, "तू आठ दिन मत आ. शादियाँ तो देवउठनी के बाद ही हैं." देवउठनी म्हणजे आपली कार्तिकी एकादशी.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात भांडणं बरीच झाली, पण ती सगळी कामाची होती. आल्हादला आधी कुंकू दाखवायचं होतं, लाल रंग उठून दिसतो म्हणून. अलका म्हणाली, "आधी हळद. उलटं दाखवलंस तर इंदूरच्या बायका हॉलमधून उठून जातील." मग जिला लावलं तिने उलट लावणारीलाही लावायचं असतं, हे राहून गेलं होतं. ते घातलं. न पटणाऱ्या दोघी जावांनी एकमेकींना लावावं की नाही यावर एक पूर्ण दुपार गेली. शेवटी त्यांनी लावलं, पण एकमेकींकडे न बघता. नागद्याच्या बाईचा चेहरा डागाळलेला होता, म्हणून करंडा तिच्याच हातात दिला आणि तिला शेवटपर्यंत पाठमोरी ठेवली. झोपलेल्या आजीला तिने उठवलं, तेव्हा आजीची मान सरळ झाली.

"कंडक्टरचं काय?" मी विचारलं. मला त्याच्याबद्दल साहजिकच काळजी होती.

"त्याला पेढा," अलका म्हणाली. "तोंडात पेढा असला की माणूस ओरडत नाही."

म्हणून कंडक्टर पेढा खातो, ओरडणं विसरतो आणि एक सीट रिकामी असताना बस निघते. बकरी मागे स्टँडवर उभी राहते. सिनेमा ९ सप्टेंबरला संध्याकाळी गेला. त्या दिवशी आल्हादने टेबलाशेजारी आडवं होऊन तासभर झोप काढली, आणि आम्ही पंखा लावला.

निवड झाली. १२ ऑक्टोबरच्या रविवारी आम्ही तिघं इंदूरला गेलो. देवास गेटला बस भरायला चाळीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात अलकाची शेजारच्या दोघींशी ओळख झाली. सभागृहात सव्वाशे माणसं असतील. आपली बस पडद्यावर एवढी मोठी होऊन आली तेव्हा अलकाने माझं मनगट धरलं. करंडा फिरू लागला तशी मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "देख, पहले हल्दी. सही है." अलका खुर्चीत ताठ बसली. जावांच्या वेळेस तर सगळं सभागृह हसलं. शेवटी नावं आली. 'हळदीकुंकू आणि साड्या' असं लिहून पुढे तिचं नाव होतं. ते वाचायला तिने पर्समधून चष्मा काढेपर्यंत नाव निघून गेलं. आल्हादने नंतर तिला फोनवर दोनदा दाखवलं.

बक्षीस दुसऱ्याच कोणालातरी मिळालं. आल्हादला त्याचं फारसं वाटलेलं दिसलं नाही. बाहेर येऊन त्याने कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "काकू, आता ट्रेन करू या. टेबल जरा लांब लागेल."

"आधी हे टेबल रिकामं कर," ती म्हणाली. "आणि ट्रेनमध्ये कोण कोण आहे ते मला आधी सांग."

येताना आल्हादजवळ पाचशेची एकच नोट होती आणि कंडक्टरकडे सुटे नव्हते, म्हणून त्याचं तिकीट मी काढलं. ऐंशी रुपये. ते अजून आलेले नाहीत.