गुंडूअण्णाचा कान

अनगोळातल्या गुंडूअण्णाच्या दुकानात मिक्सर आला की त्याला आधी कान लागायचा, मग पाना. डोळे मिटून, मान तिरकी करून अण्णा सांगायचा, "घर्रर्र म्हणतोय. बुश गेलाय." याच कानाच्या लौकिकावर भजनी मंडळातली पेटी वीस वर्षं त्याच्या मांडीपुढं होती, आणि ती कधी सुटते याकडं दोघंतिघं डोळे लावून बसले होते.

एका सकाळी मंडळाचे अध्यक्ष मारुतीराव, निवृत्त मास्तर, वायफायचा अडॅप्टर घेऊन आले. "नात म्हणते, टीईईई वाजतंय. अभ्यास होत न्हाय तिचा."

अण्णानं अडॅप्टर लावून कान जवळ नेला. काहीच नाही. वय झालं की इतका उंच सूर माणसाला सोडून जातो, हे त्याला ठाऊक होतं. पण अध्यक्षांपुढं ते बोलायचं म्हणजे पेटीवर पाणी सोडायचं.

"लई बारीक हाय. तुमास्नी येतंय न्हवं?"

"येतंय की," म्हणत मारुतीरावांनी गवयाला दाद द्यावी तशी मान डोलावली.

अण्णानं अंदाजानं एक कपॅसिटर बदलला. दुसऱ्या दिवशी नात ऋतिकाच आजोबांना घेऊन हजर. "अण्णा, अजून किंचाळतोय त्यो."

अण्णानं अडॅप्टर लावला, पुन्हा डोळे मिटले. "कमी झालाय गं."

"निम्म्यानं," आजोबांनी पुस्ती जोडली.

"मी बटण बंद केलंय," ऋतिका म्हणाली.

अण्णानं डोळे उघडायला जरा वेळच घेतला. "मला न्हाय ऐकू येत, पोरी. तूच सांग."

त्यानं अडॅप्टर उघडला, बटण चालू केलं आणि बांबूच्या कोरड्या काडीनं एकेक भाग दाबत गेला.

"हितं?"

"वाजतंय."

"हितं?"

"थांबलं."

तांब्याच्या तारेची इवलीशी कॉईल होती. तिच्यातली वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. वेढे सैल पडले की ते थरथरतात आणि टीईईई सुरू होतं. अण्णानं प्लग काढला, थोडं थांबून वेढ्यांत वार्निश सोडलं, नीट वाळू दिलं. मग ऋतिकानं ऐकलं, पुन्हा ऐकलं. "गप झालं बघा."

ती अडॅप्टर घेऊन गेली. मारुतीराव मात्र पायरीवरच घुटमळले.

"गुरुवारी मंडळात सांगून टाका," अण्णा म्हणाला. "पेटी सोडतो मी."

"गप बस रं," अध्यक्ष हळूच म्हणाले. "का सोडली म्हणून इचारतील. मग काल मी काय ऐकलतो, त्येबी सांगायला लागंल."