मागितलं तेवढंच

कडुबा आमच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं पाण्याचे आणि औषधांचे नमुने तपासतोय. मी, संध्या, त्याच्या शेजारच्या टेबलावर. माणूस भलताच काटेकोर. बाटलीवर फक्त नंबर असतो, नमुना कुणाचा ते तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. हा नियम साहेबांपेक्षा त्यालाच प्यारा. नातेवाइकांना दमच भरलेला, बाटली बाहेर खिडकीवर द्या, मला सांगू नका. बायकोलाही नंबरनंच हाक मारत असशील, असं आम्ही त्याला चिडवायचो.

मार्चमध्ये एका बोअरचं पाणी आलं. फॉर्मवर खूण फक्त फ्लोराइडला. ते ठीक निघालं. पण मशीन त्याच दमात बाकीचे क्षारही दाखवतं, आणि आलेखात नायट्रेटचा सुळका पार वर गेला होता. तान्ह्या बाळाला असलं पाणी म्हणजे विषच.

"कडूभाऊ, खाली एक ओळ लिहा की."

"मागितलं नाय ते लिहायचं नाय, ताई. उद्या समदेच फुकटात मागतील."

मला राग आला. तरी मी गप्प बसले, हे आजही खातं मला.

जूनमध्ये बिडकीनजवळ राहणाऱ्या त्याच्या बहिणीची, गोजरबाईची, दोन महिन्यांची नात गेली. वरच्या दुधावरची पोर. ओठ निळे पडले आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. कडुबा भेटायला गेला तेव्हा त्यानं विचारलं, दुधाची पावडर कोणत्या पाण्यात कालवायचीस? गोजरबाईनं देवाच्या फोटोमागून आमचा मार्चमधला बोअरचा रिपोर्ट काढला. भाच्यानं मामाच्या धाकानं गुपचूप बाटली दिली होती. खाली सही कडुबाची.

"पाण्याला बोल लावू नको, दादा. तुझी सही बघून तर पाण्याचा इकतचा जार बंद केला म्या. माझ्याच हातून कायतरी चुकलं आसंल."

कडुबानं भाच्याला एवढंच सांगितलं, पाणी आता बिघडलंय, बोअर बंद करा.

हे सगळं त्यानं जुना आलेख समोर धरून मला सांगितलं. मी चिडून म्हणाले, जा आणि तिला खरं सांगा. महिन्यानं तो गेला.

"सांगितलंत?"

"धाकटी सून बाळंत व्हायचीय. गोजर म्हणली, या बाळाला मी हातच लावणार नाय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणलो."