शेवटून दुसरं रीळ

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत एका भुताचा कीस पडायचा. भूत जुन्या भयपटांतलं, सात भागांच्या मालिकेतलं. अंगातून पाणी निथळणारी एक बाई दारोदार जाऊन कडी वाजवायची आणि जो दार उघडेल त्याचं वाटोळं करायची. तिला सगळे नुसतं 'ओली' म्हणत. पहिल्या सहा भागांबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. भांडणं व्हायची ती सातव्यावरून, म्हणजे शेवटच्या भागावरून.

त्याचा शेवटच तसा होता. म्हातारी घरमालकीण ओलीला घरासकट पेटवून देते, पडद्यावर 'समाप्त' येतं, माणसं चपला शोधायला वाकतात आणि पडदा पुन्हा उजळतो! दारावर थाप. म्हातारी दार उघडते आणि म्हणते, "आलीस? बस." ओली बसते. अंधार. पुन्हा 'समाप्त' नाहीच. अठ्ठावीस वर्षं झाली, तरी हे सांगताना चष्मेवाला खुर्चीतून उठायचा.

"मुळात ओल्या बाईला जाळणार कसं?" असं एखादा म्हणायचा. "भीती जळत नाही, तिला बसायला पाट द्यावा लागतो," असं इस्पितळातल्या नर्सबाई दरवेळी म्हणायच्या आणि तिथे वाद मिटायचा.

कोपऱ्यात बसलेले ऑपरेटरकाका मात्र मूग गिळून बसत. टॉकीजच्या केबिनमध्ये सिनेमाची मशीन चालवण्यात त्यांची हयात गेली. टॉकीज पडली, पाठोपाठ काकू गेल्या आणि चार शब्द बोलायला ही खोली तेवढी उरली. सातवा भाग रोज चार वेळा दाखवलेला माणूस, म्हणून मंडळी त्यांना मोठ्या मानाने बोलवायची. तो मान काकांना आवडायचा आणि मनही खायचं. कारण तो शेवट दिग्दर्शकाचा नव्हताच. काकांचा होता.

सिनेमा दहा डब्यांतून यायचा, एका डब्यात एक रीळ. झाकणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, फितीच्या तोंडाशी लिहिलेला आकडा वाचायचा, ही काकांची शिस्त. पण पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला त्यांना स्वतःलाच राहवेना. म्हातारी आता काय करते ते बघायला ते केबिनच्या झरोक्याला डोळा लावून बसले आणि आठवं रीळ संपत आलं तेव्हा झाकणावर नऊ दिसलं ते चढवून मोकळे झाले. झाकणांची अदलाबदल आधीच्याच टॉकीजमध्ये झालेली. नवव्याच्या आधी दहावं लागलं. 'समाप्त' दिसल्यावर काकांच्या पायाखालची जमीन सरकली. उरलेलं रीळ त्यांनी घाईघाईने लावलं, तशी खालून अशी काही किंकाळी उठली की मॅनेजर धावत वर आला. काकांना वाटलं, गेली नोकरी. मॅनेजर म्हणाला, "उद्याही असंच लावा." सात आठवडे तसंच लागलं.

आणि आता चष्मेवाल्याने कुठूनशी सातव्या भागाची डिस्क पैदा केली होती.

काकांना घरी बसता आलं असतं; गुडघा दुखतो म्हटलं की झालं. पण सरळ क्रमाने बघून या लोकांना काय वाटेल, ही उत्सुकता त्यांना गप्प बसू देईना. खोड काही जात नाही माणसाची.

टीव्हीवर म्हातारीने दार उघडलं. "आलीस? बस." ओली बसली. म्हातारी हळूच बाहेर सटकली, कडी लावली आणि घर पेटवलं. समाप्त.

"कापलाय! मेल्यांनी शेवट कापलाय!" चष्मेवाला ओरडला.

"कापला नाही," काका म्हणाले. "मी चुकलो होतो." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

चष्मेवाल्याला राग यायच्या ऐवजी त्याच्या उत्साहालाच ऊत आला. झाकणं कुणी बदलली, किती जणांनी विचारलं, मॅनेजर हसला का, प्रश्नांवर प्रश्न. नर्सबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे तिला जाळायलाच आत घेते ती?"

"हो."

"आणि तुम्ही इतकी वर्षं मला बोलू दिलंत!" त्यांनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या.

तो महिना काकांना खायला उठला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दुकानाच्या पायरीपर्यंत आले आणि तिथेच घुटमळले. तेवढ्यात मागून नर्सबाई आल्या. बरोबर पिकल्या केसांची एक बाई.

"ही माझी ताई. हिला सांगा, कसं चुकलात ते."

काकांनी पायरीवरच सांगितलं. मग नर्सबाई म्हणाल्या, "ही घर सोडून गेली होती. आईच्या आजारपणात फिरकलीसुद्धा नाही. मी सिनेमा बघून आले आणि चौथ्या दिवशी ही बॅग घेऊन दारात. हाकलूनच देणार होते. तोंडातून निघालं, आलीस? बस."

काकांचे डोळे भरून आले.

ताईने जन्मात भुताचा सिनेमा पाहिला नव्हता. तिला वेगळंच कुतूहल. "मग खऱ्या सिनेमात पुढे काय करते म्हातारी?"

काकांनी नर्सबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांगा.

"बाहेरून कडी लावते. पेटवून देते."

ताई धाकट्या बहिणीकडे वळली. म्हणाली, "अगं, आणि तू दुसऱ्या टॉकीजला गेली असतीस तर?"