सपाट आवाज

मावशींबरोबर सिनेमाला जायची हौस घरात आता कुणालाच उरलेली नाही. त्यांच्या यजमानांनी तर कानाला खडाच लावलाय. मागच्या खेपेला पडद्यावरची नायिका नवऱ्याच्या अपघाताची बातमी ऐकून भिंतीला टेकली आणि डोळ्यांतून टपाटप पाणी काढू लागली. थिएटरात चिडीचूप शांतता. तेवढ्यात मावशी मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं बाई, आधी श्वास तर अडकू दे! नळ सोडल्यासारखी काय रडतेस?" पुढच्या रांगेतली डोकी एकदम मागे वळली. यजमानांनी मान खाली घातली ती मध्यंतरापर्यंत वर काढली नाही. मध्यंतरात ते कॉफी आणायला म्हणून उठले आणि परत आले ते थेट पलीकडच्या रांगेत जाऊन बसले. कॉफी त्यांनी एकट्यानेच प्यायली.

बरं, मावशींचं म्हणणं चूक असतं म्हणावं तर तसंही नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. हल्लीचे नायक बोलतात की तोंडातल्या तोंडात काही चघळतात, तेच समजत नाही. हळू बोललं की खोल वाटतं, असं कुणीतरी यांना सांगून ठेवलंय. त्यामुळे प्रेमाची कबुली असो नाहीतर भाडेकरूला घर सोडायला सांगणं असो, कुजबुज एकच. राग आला की जबडा आवळायचा, दुःख झालं की खिडकीबाहेर बघायचं. विचार करायचा असला तर कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे चेहऱ्याचा प्रश्नच मिटला. उरलेला अभिनय मागचं संगीत करतं. व्हायोलिनं सुरू झाली की आपण समजून घ्यायचं, आता वाईट वाटून घ्यायचं आहे. गोष्टीत काही घडत नाही म्हणून माणसांना पाण्यातून चालल्यासारखं संथ चालवायचं, आणि वर म्हणायचं, आमचा सिनेमा संयत आहे. हे सगळं मावशी एका दमात सांगतात आणि सांगताना त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हा राग फुकट बसून नावं ठेवणाऱ्या प्रेक्षकाचा नाही. मावशी डबिंग करतात. नायिका पडद्यावर ओठ हलवते आणि आवाज येतो तो मावशींचा. वय पन्नाशी ओलांडून गेलं, पण गळा पंचविशीतच थांबलाय. ज्या नट्यांना बोलता येत नाही, ज्यांना भाषा येत नाही, ज्यांनी सेटवर वाक्य पाठ नाही म्हणून नुसते आकडे मोजलेत, त्या सगळ्यांच्या तोंडात मावशींनी शब्द घातले आहेत. एकेक तुकडा पुन्हापुन्हा फिरवून बघायचा, त्याला लूप म्हणतात. एखादा वाईट सिनेमा तुम्ही एकदा बघता आणि घरी जाता. मावशींना तो कणाकणाने, चावून चावून बघावा लागतो. तेव्हा त्यांच्या रागावर हसण्याआधी जरा विचार केलेला बरा.

त्यांची कामाची खोली एखाद्या कपाटासारखी आहे. भिंतींना जाड स्पंज, जमिनीवर जुना गालिचा, मधोमध माइक, समोर पडदा आणि बाजूला काच. काचेपलीकडे साउंडवाला बसतो. मावशी मऊ सुती कपडे घालून जातात, कारण कडक कापड माइकला ऐकू येतं. पिशवीत आंबट सफरचंद असतं. एक चावा घेतला की तोंडातली चिकचिक जाते. पोटात कावळे ओरडलेलेही माइक सोडत नाही, म्हणून जेवून जायचं, पण सुस्ती येईल इतकं नाही. स्टुडिओत सगळे त्यांना मावशीच म्हणतात. हिशेबनीससुद्धा म्हणतो, आणि तो त्यांच्याहून मोठा आहे.

खऱ्या अर्थाने त्यांना मावशी म्हणणारी जगात एकच आहे, धाकट्या बहिणीची मुलगी. या पोरीने लहानपणीच ठरवलं होतं की आपण नटी व्हायचं, आणि मावशींनीही ते मनावर घेतलं होतं. श्वास कुठे घ्यायचा, वाक्याचा शेवट कसा सोडायचा, हुंदका घशातून नको पोटातून हवा, हे सगळं पोरीला घोटून घोटून शिकवलं. पोर मोठी झाली, नाटकात उभी राहिली. प्रयोग संपल्यावर धावत मावशींकडे आली आणि मावशी म्हणाल्या, "बाकी ठीक, पण आवाज सपाट लागतो तुझा. चढउतारच नाही." पोरीचा चेहरा एवढासा झाला. त्यानंतर ती कुठलंही काम मावशींना दाखवेनाशी झाली. आता तिला सिनेमा मिळाला होता, पहिलाच, आणि चांगली मोठी भूमिका. ही बातमी मावशींना बहिणीकडून कळली. पोरीकडून नाही, हे त्यांना चांगलंच झोंबलं होतं.

तर अशात एके दिवशी सकाळी साउंडवाल्याचा फोन आला. "मावशी, एका मुलीचा एकच सीन आहे, या." कोणाचा सिनेमा, कोण मुलगी, हे या धंद्यात फोनवर कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. मावशी सफरचंद घेऊन गेल्या. दिवा मालवला, पडदा उजळला आणि समोर भाची उभी!

मावशींनी हातातलं सफरचंद परत पिशवीत टाकलं. काचेपलीकडे दिग्दर्शक बसला होता, तिशीतला, गळ्यात हेडफोन अडकवलेला. त्याला या नात्याचा पत्ता नव्हता, आणि साउंडवाल्यालाही नव्हता.

"हिचा आवाज बदलायचाय?" मावशींनी विचारलं.

"हो ना. मुलगी चांगली आहे हो, दिसतेही छान. पण आम्ही काही लोकांना सिनेमा दाखवला, तर सगळे म्हणाले, ही सख्खा भाऊ गेल्याचं सांगते की दूधवाला आला नाही म्हणून सांगते? निर्मात्यांनी धसका घेतलाय. लोकांना थिएटरात रडायचं असतं, मावशी. ही रडूच देत नाही."

"आधी मूळ आवाज ऐकवा."

शूटिंगच्या वेळी घेतलेल्या त्या मूळ आवाजाला पायलट म्हणतात. साउंडवाल्याने तो लावला. मावशी कानांना हेडफोन लावून बसल्या आणि खरं सांगायचं तर दोष काढायच्या तयारीनेच बसल्या.

पडद्यावर आई दोरीवरची वाळलेली चादर काढत होती. भाची आत आली. कारखान्यात भाऊ गेल्याचं तिला कळलेलं आहे, आईला नाही. तिने सरळ चादरीचं एक टोक धरलं. दोघी घडी घालू लागल्या. घडी वाकडी झाली. तेव्हा भाची म्हणाली, "आई, ते टोक नीट धर." आणि त्याच आवाजात, त्याच पट्टीत, "दादा गेला." आईचे हात थांबले. भाचीचे थांबले नाहीत. "ओढ ना," ती म्हणाली, आणि त्यातला 'ना' तिने गिळला.

बस, एवढंच होतं. ना हुंदका, ना कंप. मावशींच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि मग परत एकदा. दोष काही सापडेना. ज्या बाईला आज बातमी सांगायची आहे तिला रडायला वेळच कुठे आहे? हातातलं काम सोडलं तर आपण कोसळू, हे तिला माहीत आहे. तो आवाज सपाट होता, आणि सपाट होता म्हणूनच ऐकवत नव्हता. इतकी वर्षं आपण ओरडतोय की कुणी खरं काम करत नाही, खरं काम करत नाही. आणि हे घ्या, इथे कुणीतरी करून ठेवलंय, आणि ते पुसायला बोलावलंय आपल्यालाच!

"हे बदलू नका," मावशी म्हणाल्या. "हेच बरोबर आहे."

"मावशी, लोकांना कळायला हवं ना."

"कळतंय की! न कळायला काय झालंय? व्हायोलिनं नाही वाजली म्हणून कळत नाही का?"

"बघा, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. दुसऱ्या एक बाई आहेत, त्यांना बोलावतो."

त्या दुसऱ्या बाई कोण हे मावशींना ठाऊक होतं. धंद्यात त्यांना हुंदकेवाली म्हणतात. स्वल्पविरामालाही एक हुंदका टाकतात. मावशींचं डोकं फिरलं. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय ते मला बरोबर कळलंय. थांबा, दाखवतेच. तुकडा लावा."

तुकडा लागला. मावशींनी चक्क नक्कल केली. आजवर ज्या ज्या रडण्याला त्यांनी नाक मुरडलं होतं ते सगळं त्यात ओतलं. 'टोक'वर आवाज कापरा केला, 'दादा' दोनदा म्हणून घेतलं, 'गेला'वर पोटातून हुंदका काढला आणि शेवटच्या 'ना'ची अशी काही लांब तान ओढली की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. मग हेडफोन काढून त्या काचेकडे वळल्या, "असं हवंय ना तुम्हाला? असं?"

दिग्दर्शक डोळे पुसत होता.

"ओके," तो म्हणाला. "मावशी, कमाल. एका टेकमध्ये! ओठांचं काय, ते घेऊ जुळवून."

"अहो, मी चेष्टा करत होते! ही तालीमसुद्धा नव्हती."

पण साउंडवाल्याने रेकॉर्ड केलं होतं. पहिल्या तालमीतच कधीकधी खरा सूर सापडतो, तेव्हा माइक उघडला की रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, हे त्याला नवखा असताना मावशींनीच शिकवलं होतं. तो बिचारा काचेआडून अंगठा वर करून दाखवत होता.

मावशींनी हातापाया पडून आणखी एक टेक मागितला. दिग्दर्शक खुशीत होता, हो म्हणाला. या वेळी त्यांनी ठरवलं, पोरीचं जसंच्या तसं उचलायचं, श्वासाला श्वास. माझा गळा असेना का, काम तर तिचं राहील. तुकडा लागला. "आई, ते टोक नीट धर." इथवर जमलं. "दादा गेला," म्हणताना शेवटी तो कंप आलाच. पुन्हा केलं, पुन्हा आला. दाबून धरला तर आवाज मेल्यासारखा झाला, रेल्वेची घोषणा करावी तसा. सफरचंद खाल्लं, पाणी प्यायल्या, खाली बसून बघितलं. जन्मभर लोकांच्या तोंडात जे घातलं ते आता त्यांचा गळा सोडायला तयार नव्हतं. मग त्यांच्या मनात आलं ते फार वाईट होतं. हे जे सगळे सिनेमे मला सहन होत नाहीत, त्यांतलं निम्मं रडणं तर माझंच आहे.

"पहिलाच बरा होता," दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला आणि उठला. मावशी त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेल्या. "तो खोटा आहे हो, मुद्दाम केलेला," त्या म्हणाल्या. तो हसला. "मावशी, तुम्ही मला रडवलंत आणि आता म्हणता खोटं होतं? इतका विनय बरा नाही." साउंडवाल्यालाही त्यांनी सांगून पाहिलं. तो म्हणाला, "साहेबांनी ओके केलंय. मी नोकर माणूस, मी कसं पुसू?"

मावशी तिथून घरी गेल्याच नाहीत, तडक बहिणीकडे गेल्या. दार भाचीनेच उघडलं. बहीण बाहेर गेली होती. मावशींनी चप्पलही काढली नाही. उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं, चेष्टा केली ते, ती ओके झाली ते, काहीही न लपवता.

भाची ऐकत राहिली. मग म्हणाली, "चादरीचा सीन?"

"हो."

"म्हणजे तू माझा आवाज ऐकलास. मूळचा."

"ऐकला."

"कसा होता? नेहमी सांगतेस तसं सांग. उगाच गोड बोलू नकोस."

"दोष काढायलाच बसले होते मी. नाही सापडला. 'ओढ ना' म्हणालीस ना, तिथे अंगावर काटा आला माझ्या. असं काम मी कित्येक वर्षांत बघितलेलं नाही गं."

भाचीच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच गेलं. "लहानपणापासून वाट बघत होते, तू हे कधी म्हणशील याची," ती म्हणाली. "आता म्हणतेस? आता तिथे माझं काय राहिलंय?"

"मी सांगेन सगळ्यांना. वाटेल त्याला सांगेन."

"काय सांगशील? फार चांगलं होतं, मी घालवलं?"

मावशींनी हात पुढे केला. "पोरी," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आवाज कापरा झाला, पोटातून हुंदका आला.

भाची एक पाऊल मागे सरकली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता.

"नको ना मावशी," ती म्हणाली. "तू खरंच रडतेयस का, तेच मला आता कळत नाही."