बॉल आत होता

हरण्यात मुरलेला असा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडणार नाही. जिंकल्याच्या बाता मारणारे मात्र हवे तितके. मी सांगतेय ते आमच्या धायरीतल्या शेजारच्या काकूंच्या जावयांबद्दल. आईवडील फिलिपिन्सचे, जन्म अमेरिकेतला, पेशा टेनिसचा. ऐन उमेदीची वर्षं ते गावोगावच्या स्पर्धांमध्ये हिंडले, पात्रता फेरीत हरले, बसमध्ये झोपले आणि पुढच्या गावी उतरून पुन्हा हरले. एकदाच एका मोठ्या स्पर्धेचं दार किलकिलं झालं होतं. छोट्या सामन्यांना रेषेवर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. शेवटच्या गुणाला समोरच्याचा बॉल रेषेला जेमतेम चाटून गेला. हे ‘बाहेर’ म्हणाले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. कुणीही हळहळलं की ते इतकंच म्हणतात, “अहो, बॉल आत होता.”

मराठी त्यांना सासूबाईंनी शिकवली, आणि काकू मूळच्या सदाशिव पेठेतल्या. त्यामुळे जावयांना शिव्या येत नाहीत, टोमणे येतात. ‘तू’ हा शब्द तर ठाऊकच नाही, कोर्टावर झोपलेल्या कुत्र्यालाही “अहो, आपण जरा सरकता का?” असं विचारतात. जेवताना फिलिपिनो सवयीने आमटीत चमचाभर व्हिनेगर ओततात. काकूंना मी विचारलं, तुम्हाला चालतं? म्हणाल्या, “नावं ठेवून खाणाऱ्यांपेक्षा ओतून खाणारा बरा.”

आमच्या मैदानातल्या सिमेंटच्या कोर्टावर ते सकाळ-संध्याकाळ शिकवतात. आयटीवाल्यांची मुलं, वॉचमनच्या मुली, सगळ्यांना एकच जाळी आणि एकच ओरडा. मीही तिथेच शिकले. तेच कोर्ट मोडून पार्किंग करायचा घाट यंदा महापालिकेने घातला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पत्रक लिहिलं: ‘विश्वविख्यात खेळाडूच्या कोर्टावर घाला!’ जावयांनी ‘विश्वविख्यात’ खोडून वर ‘बरेचदा हरलेल्या’ असं लिहिलं. आमचं कडाक्याचं भांडण झालं. पत्रक तसंच छापावं लागलं.

सुनावणीला अधिकारी म्हणाले, कोर्ट दुपारभर ओस पडलेलं असतं. ‘साफ खोटं!’ माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात जावई उठले.

“बरोबर आहे, साहेब. दुपारी तिथे फक्त कुत्री झोपतात.”

पार्किंग मागायला आलेले दुकानदार खो खो हसले. मला जमीन दुभंगून हवी होती. हे शांतपणे पुढे म्हणाले, “आता संध्याकाळचं सांगतो. संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. विश्वास नसेल तर येऊन बघा.”

साहेब खरंच आले. कुंपणाच्या जाळीबाहेर रांगेत थांबलेली पोरं पाहत बराच वेळ उभे राहिले. निकाल लागला: दुपारी दुकानदारांच्या स्कूटर, उरलेला वेळ टेनिस. तडजोड या शब्दाचा मला मनापासून तिटकारा आहे. पण माझी कितीतरी पत्रकं आजवर रद्दीत गेली, आणि हे कोर्ट जागेवर आहे.

आता चार वाजले की तेच दुकानदार येऊन स्कूटर हलवतात, ऑइलचे डाग भुसा टाकून पुसतात. जावयांचा गुडघा मात्र गेलाय. ते कडेला खुर्ची टाकून बसतात आणि बसल्या जागेवरून ओरडतात. परवा फाटकावरची पाटी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, तुमचं नाव घालू ना?

“नको, अहो. इथे कोर्ट आहे, तेवढं लिहा.”

तेवढंच लिहिलं. मग ब्रश हातात धरून उगाचच उभी राहिले. पाटीवर बरीच जागा रिकामी होती.