अब्बांचं चालान

आमच्याकडं मयत दफन करण्याआधी, नमाजेला माणसं उभी राहिली की मुलानं पुढं होऊन विचारायचं असतं, "मरहूमकडं कुणाचं काही येणं असेल तर सांगा, मी देणेकरी आहे." अब्बांच्या वेळी मी नळदुर्गच्या कब्रस्तानात ते विचारलं. कुणी काही बोललं नाही. अब्बा तांगा हाकायचे, पण सोलापूर रस्त्यावरच्या एकाही दुकानात त्यांनी उधारी ठेवली नव्हती. मी निश्चिंत होऊन घरी आलो.

अम्मा आतल्या खोलीत बसली होती. तिची इद्दत सुरू झाली होती, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं उंबरा ओलांडायचा नाही ते दिवस. ती निम्मं दखनी, निम्मं मराठी बोलायची. तिनं एवढंच विचारलं, "समद्यांना इचारलंस?"

"व्हय. कुणाचं काही न्हाय निघालं."

"आन् सरकार? सरकार कुठं आलं होतं मयतीला?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अब्बांच्या नावावर एक चालान होतं. बिनदिव्याचा तांगा चालवला म्हणून नाक्यावरच्या पोलीस जवानानं लिहिलेलं. पेशीची तारीख आली तेव्हा अब्बा तापानं फणफणले होते. त्या अंथरुणातून ते उठलेच नाहीत. शेवटच्या दोन-चार दिवसांत शुद्ध आली की ते अम्माला म्हणायचे, "तेवढं चालान राहिलं." आमच्यात समजूत अशी, की देणं राहिलेल्या माणसाचा जीव वर पोचत नाही, मधेच खोळंबून राहतो. अम्माला आता दुसरं काही सुचत नव्हतं.

तो दिवा का नव्हता, हेही सांगायला हवं. निजामाचं राज्य होतं, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. रॉकेल कंट्रोलवर मिळायचं, तेही कधीमधी. माझी बायको पहिलटकरीण, तिच्या कळा संध्याकाळीच सुरू झाल्या आणि घरातल्या चिमणीत थेंब राहिला नव्हता. अब्बांनी तांग्याचा कंदील स्वतःच्या हातानं काढून बाळंतिणीच्या खोलीत टांगला आणि अंधारात अणदूरला सुईण आणायला गेले. येताना नाक्यावर त्यांना धरलं. सुईण तांग्यात बसली होती. एक शब्द बोलले असते तर जवानानं सोडून दिलं असतं. अब्बा बोलले नाहीत. म्हणाले, "दिवा न्हाय म्हंजे न्हाय. लिहा." असा माणूस. त्यांच्या या हट्टाचा मला पुढं पुष्कळ राग आला. माझी मुलगी मात्र त्या कंदिलाच्या उजेडात सुखरूप जन्मली.

मयताच्या नावची फातिहा, म्हणजे दुआ, झाल्यावर मी चालान शोधायला निघालो. नाक्यावर म्हणाले, कागद तुळजापूरला गेला. तुळजापूरच्या तहसिलीत म्हणाले, तांग्याची चालानं इथं नसतात, मुन्सिफाच्या अदालतीत बघ. अदालतीतल्या कारकुनानं दोनदा उद्या ये म्हणून सांगितलं. मी मुकाट्यानं माघारी आलो आणि पुन्हा गेलो. शेवटी पेशकारानं, म्हणजे मुन्सिफापुढं कागद ठेवणाऱ्या कारकुनानं, गठ्ठ्यातून कागद ओढून काढला, अब्बांचं नाव पुकारलं, आणि मी पुढं झालो.

"तू कोण?"

"मुलगा. अब्बा वारले. जुर्माना भरायला आलोय, साहेब."

मुन्सिफसाहेब, म्हणजे तिथले न्यायाधीश, वयस्क होते, आवाज मऊ होता. ते म्हणाले, "मेलेल्या माणसाला अदालत काय जुर्माना करणार? मुकदमा संपला."

"पण पैसे तर घ्या."

"कशाचे घेऊ? जुर्माना झालाच नाही."

त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. मुलजिम फौत, मिसल दाखल दफ्तर. म्हणजे आरोपी मयत आहे, कागद बांधून ठेवून द्या. मी नक्कल मागून घेतली. बाहेर व्हरांड्यात पेशकार हसून म्हणाला, "सुटला की रे तुझा बाप." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मात्र त्याची गचांडी धरावीशी वाटली. माझा बाप कधी कशातून सुटून पळाला नव्हता.

घरी येऊन मी अम्माला नक्कल वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतलं.

"पैशे घेतले त्यांनी?"

"न्हाय."

"मग माफ केलं?"

"तसं लिहिलं न्हाय, अम्मा. मुकदमा बंद केला."

"बंद करणं आन् फेडणं एकच हाय का?"

मी चिडलो. म्हणालो, आता मी सरकारच्या घशात पैसे कोंबू का? अम्मा नातीला मांडीवर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली. त्या दिवसापासून तिनं चालानाचं नाव काढलं नाही. पण जेवणाचं ताट तसंच परत यायचं आणि तसबीचे मणी ओढताना तिची बोटं मधेच थांबायची. आधी बाप गेला, आता आईही माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली होती, आणि मला काही करता येत नव्हतं. तांगा आता मीच हाकत होतो. ज्या कंदिलासाठी हे सगळं झालं, तो तांग्याला लावून रोज त्याच नाक्यावरून जात होतो.

एका संध्याकाळी मी तो कंदील काढला आणि घरात खुंटीला अडकवला. बायकोनं विचारलं तर म्हणालो, असू दे. दिवेलागण झाल्यावर रिकामा तांगा घेऊन नाक्यावर गेलो. जवान तोच होता, अब्बांचं चालान लिहिणारा.

"दिवा कुठंय?"

"न्हाय."

"काच फुटली का?"

"फुटली न्हाय. घरी ठेवलाय."

"मग जा की घेऊन ये. म्या हितंच हाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमच्या वालिदांचं लिहिलं, लई पस्तावलो बघा. सुईण हाय म्हणून मला ठावं नव्हतं. तुमचं लिहीत न्हाय मी."

"लिहा."

"येडं लागलं का तुमाला?"

"जमादार, तुमच्या पाया पडतो. लिहा. त्यांचं कुणी घेत न्हाय."

त्याला किती समजलं कोण जाणे. मग खिशातून पेन्सिल काढून लिहू लागला. माझं नाव विचारलं. बापाचं विचारलं नाही, ते त्याला पाठ होतं.

पेशीच्या दिवशी मी पहाटेच तुळजापूर गाठलं. मुन्सिफसाहेबांनी विचारलं, "कबूल?" मी म्हणालो, "कबूल." त्यांनी मान वर केली आणि मला ओळखलं.

"दिवा होता तुझ्याकडं?"

"होता, साहेब. घरी ठेवला होता."

"का?"

मी काय सांगणार? त्यांनी आणखी खोदून विचारलं नाही. जुर्माना लिहिला, मी भरला, पेशकारानं पावती फाडून दिली. या वेळी तोही हसला नाही.

बापाचं देणं असं फिटतं का, हे मला माहीत नाही. शरियत काय म्हणते ते मी कुणाला विचारलं नाही. मौलवीसाहेबांनी नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? मी घरी आलो आणि अम्मापुढं पावती ठेवली. सगळं खरं सांगितलं, कंदील मुद्दाम घरी ठेवल्याचंही.

अम्मा शाळेत गेलेली नव्हती, पण कुराण वाचायची, त्यामुळं उर्दू अक्षरं लावता यायची. नातीला मांडीवर सावरत तिनं पावती उजेडाकडं धरली. निजामाच्या कागदावर माणसाचं नुसतं नाव चालत नसे. माझं नाव, पुढं 'वल्द', म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि पुढं बापाचं नाव. तिचं बोट माझ्या नावावरून सरकत गेलं आणि अब्बांच्या नावावर थांबलं. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. तिनंही घेतलं नाही. बोट मात्र तिथून उचललं नाही.

"भरलं?" तिनं विचारलं.

"भरलं, अम्मा."

तिनं पावती घडी करून पदराच्या टोकाला बांधली आणि खुंटीकडं बघितलं.

"मग त्यो कंदील तांग्याला लाव जा," ती म्हणाली. "आन् येताना मला भाकर दे."

दफनाच्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. कंदील घेऊन तांग्यापाशी गेलो, वात लावली, आणि चाकाला टेकून लहान पोरासारखा रडलो. मग तोंड धुतलं आणि अम्माला भाकरी नेऊन दिली.